रेडिओमामा विसरले

"कोण आत आहे, कोण सुटलं, कोण कुठल्या वाटेनं गेलं, हे बाहेरच्या माणसाला तुमच्याकडे कोण सांगतं?" संशोधनाला आलेल्या बाईंनी विचारलं आणि लाँड्रीतल्या साऱ्या माना गेटवाल्या मामांकडे वळल्या.

मामांनी छाती पुढे काढून हात वर केला. "मीच! दुसरं कोण सांगणार?"

हशा पिकला. इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या या लाँड्रीत त्यांना सगळे रेडिओमामा म्हणत आणि मामाही ते नाव मिरवत. कोणाची सासू आजारी, कोणाचा पाय मुरगळला, कोण आज लवकर जाणार, सगळं जिभेवर. विचारणाऱ्याला तसंच परत पाठवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

घरातली मारहाण बाईच्या मागोमाग कामावर येते, ती गेटवरच कशी अडवायची, हा या संशोधनाचा विषय. मालकीणबाईंनी त्यात भाग घ्यायचं कबूल केलं तेव्हा मामांना वाटलं होतं, चार दिवसांचं कौतुक, येईल आणि जाईल. पण पहिलाच नियम त्यांच्या मुळावर आला. कोणाहीबद्दल कोणालाही काही सांगायचं नाही.

"नवऱ्यालासुद्धा?" मामांनी विचारलं.

"त्याला तर नाहीच," संशोधक बाई म्हणाल्या. "'सांगायला बंदी आहे' असंही म्हणू नका. तिनंच तक्रार केली असं त्याला वाटेल. 'माहीत नाही', एवढंच म्हणा."

"मग माझ्याऐवजी गेटला कुलूपच घाला की!" मामा फणकारले.

"कुलूप आणलंय, मामा," मालकीणबाई म्हणाल्या. "ते तुमच्या तोंडाला घालायचंय."

पुन्हा हशा. इस्त्रीवाली पोरगी तेवढी हसली नाही. सुजलेलं मनगट ओढणीखाली धरून ती खाली बघत उभी होती. नवऱ्याचं घर सोडून ती नुकतीच बहिणीकडे राहायला गेली होती. बहिणीचा पत्ता मामांना ठाऊक होता. मामांचं तोंड आपसूक मिटलं.

दोन-चार दिवसांतच तिचा नवरा गेटवर आला. गोड माणूस. सुट्टीच्या दिवशी मामांशी पत्ते खेळणारा. हातात तिचा स्वेटर.

"थंडी पडलीय, मामा. विसरून गेली बघा. कुठं असते हल्ली? देऊन येतो."

गल्लीचं वळण, निळं दार, सगळं मामांच्या ओठांवर आलं.

"माहीत नाही रे."

"तुम्हाला? तुम्हाला माहीत नाही?"

"कोणीतरी सांगितलं होतं खरं. हल्ली डोक्यात राहतच नाही काही. स्वेटर ठेवून जा, देतो तिला."

तो बघत राहिला, मग हसला. "म्हातारे झालात, रेडिओमामा."

"झालोय खरा."

स्वेटर न ठेवताच तो निघून गेला.

पत्त्यांच्या अड्ड्यावर त्यानं हे मीठमसाला लावून सांगितलं आणि बघता बघता मामांना विसर पडू लागल्याचं वस्तीभर झालं. मामांना ते फार लागलं. पण सोयीचंही झालं. कोणी काहीही विचारावं, मामांनी डोकं खाजवावं आणि 'आठवत नाही बुवा' म्हणावं. कोणाला संशय नाही. इस्त्रीवालीचं मनगट बरं झालं. संध्याकाळी "येते हं मामा" म्हणून ती निघाली की मामा मुद्दाम दुसरीकडे बघत, आणि त्यांना आतून फार बरं वाटे.

घरी मात्र पंचाईत होती. मामींना खरं सांगावं असं त्यांना रोज वाटे. पण मामी आणि त्या पोरीची सासू एकाच बाकावर बसून विणकाम करत. मामींना सांगणं म्हणजे दवंडी पिटणंच.

एका सकाळी मामा निघाले तेव्हा मामींनी त्यांच्या शर्टाच्या खिशात घडी घातलेला कागद सरकवला.

"काय गं हे?"

"घरचा पत्ता आहे." मामींनी तोंड फिरवलं. "वाट विसरलात तर कोणालाही दाखवा. आणून सोडतील."

मामांनी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"बरं केलंस, दिलास ते," ते म्हणाले. खिशाचं बटण नीट लावलं आणि गेटवर जायला निघाले.