पुढे सरकवलेली दांडी

आठवड्यात तिसऱ्यांदा हातातून स्प्रिंग निसटली, तेव्हा घड्याळजीने आधी चिमट्याला दोष दिला, मग पंख्याला, आणि शेवटी बायकोला. बायको तर दुकानात नव्हतीच.

त्याचा हात म्हणजेच दुकान. पाटी, काउंटर, भिंतीवरची अकरा घड्याळं सगळी नावाला. आणि आता तोच हात थरथरत होता. छाती धडधडायची, बसल्या जागी घाम फुटायचा, आणि दर पाच मिनिटांनी स्वारी उगाच दारापर्यंत फेरी मारून यायची.

घरी बायको गोळ्यांची रिकामी पाकिटं मांडून बसली होती.

"थायरॉइडची गोळी रोज एक. बरोबर?"

"बरोबर."

"मग या महिन्याच्या तीस गोळ्या बाराव्या दिवशी कशा संपल्या? उंदरांनाही थायरॉइड झालाय का?"

अखेर डॉक्टरीणबाईंपुढे त्याने तोंड उघडलं. आधी अंग जड, सारखी झोप. आठ दिवस गोळी घेऊन काडीचा फरक नाही. घड्याळ मागे पडलं की आतली बारीक दांडी पुढे सरकवायची, हे तो तीस वर्षं करत आला होता. तेच केलं. अर्धी गोळी वाढवली. पुढच्या आठवड्यात आणखी अर्धी. मग आणखी.

"घड्याळ दुसऱ्या दिवशी उत्तर देतं," डॉक्टरीणबाई रिपोर्टवर बोट ठेवत म्हणाल्या. "शरीर सहा आठवडे घेतं. रक्तात हार्मोन कमी पडलं, की डोक्यातली ग्रंथी गळ्यातल्या ग्रंथीला हुकूम सोडते. भरपूर असलं की गप्प बसते. तुमची पार गप्प झालीये. हृदय, हात, झोप, पोट, सगळ्यांना मात्र तुम्ही पळायला लावलंय."

"मग जरा मागे घेऊ का?"

"तुम्ही काहीही मागेपुढे करू नका! परत रोज एकच. सहा आठवड्यांनी रक्त तपासू."

"हात थांबेल ना?" त्याचा आवाज एकदम खाली आला.

"थांबेल. आधी तुम्ही थांबा."

गोळ्यांचा डबा बायकोच्या कपाटात गेला, किल्ली तिच्या पर्समध्ये.

दुसऱ्या दिवशी शिवणक्लासच्या बाई मनगटी घड्याळ घेऊन आल्या. रोज चार मिनिटं पुढे जातं म्हणे. त्याने भिंग डोळ्याला लावलं, मागचं झाकण उघडलं. चिमट्याचं टोक दांडीभोवती नुसतं नाचत राहिलं. त्याने झाकण लावून टाकलं.

"सहा आठवडे लागतील."

"एवढ्याशा कामाला?"

"काम दोन मिनिटांचंच आहे, बाई. बाकीचे दिवस मला लागतात."

बाईंनी त्याच्या हाताकडे पाहिलं, आणि घड्याळ काउंटरवरच राहू दिलं.

त्या गेल्यावर तो दारापर्यंत जायला उठला, आणि अर्ध्यावरून परत येऊन बसला.