इनुसचा हातगुण

पावसात बंद पडलेली फटफटी शिरूरात ढकलत न्यायची ती इनुसकडेच, हे सत्त्याण्णव सालापर्यंत सगळ्या तालुक्याला पाठ झालं होतं. मार्केट यार्डाच्या मागच्या बोळात त्याचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे तीन भिंती, वर पत्रा आणि पुढं शटर. गिऱ्हाईक भिजलेली गाडी आत ढकलायचं. इनुस ती मागच्या भिंतीला लावायचा, कार्बोरेटर खोलायचा, प्लग घासायचा, इथं तिथं फुंकर मारायचा, आणि तास-दीड तासानं किक मारली की गाडी सुरू. "इनुसच्या हाताला गुण हाय," असं लोक म्हणायचे. पंधरा वर्षं ऐकून ऐकून इनुसलाही ते पटलं होतं. बाकीचे मेकॅनिक एकेका गाडीपाठी दोन दोन दिवस पसारा मांडून बसत, त्यांची त्याला कीव यायची.

त्या मागच्या भिंतीपलीकडं त्याचा चुलतभाऊ अलीम याची बेकरी होती. भट्टी भिंतीला अगदी लागून. पावसाळ्यात इनुसची बायको बेगम धुणं गॅरेजात त्याच भिंतीपाशी वाळत घालायची, आणि गिऱ्हाइकांच्या डोक्यावर लेंगे लोंबतात म्हणून इनुस तिच्यावर रोज खेकसायचा.

केंदूरच्या आनंदरावांची गाडी त्या पावसाळ्यात तीनदा या भिंतीला लागून गेली. आनंदराव गावच्या दूध सोसायटीचे व्हाइस चेअरमन. त्यांची फटफटी दोन सायलेन्सरची, वीस वर्षांची. पोरं नवी घेऊन द्यायला तयार होती, पण आनंदरावांचा त्या गाडीवर जीव. उन्हात ती गुमान पळायची. हवेत नुसती ओल आली, की चढाला दम खायची, मग ठसकायची, आणि शेवटी रस्त्यात मुक्काम ठोकायची. ऊन पडलं की पुन्हा काही झालंच नाही अशी सुरू. तीनदा टेम्पोत घालून त्यांनी ती इनुसकडे आणली, तीनदा इनुसनं कार्बोरेटर खोलला, तीनदा ती दीड तासात सुरू झाली, आणि तीनदा पुढच्या रिपरिपीत बंद पडली.

चौथ्यांदा आनंदराव आले ते तापूनच.

"इनुसभाई, नातीचं बारसं हुतं भांडगावला. पोरगी वाट बघत बसली. आन् ही बया पारगावच्या पुलावर, ऐन भीमेच्या मधी बंद! शेवटी गुळाच्या ट्रॅक्टरमधी ढेपांवर बसून गेलो मी. व्हाइस चेअरमन! धोतराला माशा लागल्या हुत्या माझ्या."

"आबा, आमच्याकडून तर चालू होऊनच गेली हुती," इनुस म्हणाला.

"तुझ्याकडं समद्याच चालू व्हत्यात रं. चालायची हाय मला रस्त्यावर! आता चार दिस ठेव, आठ दिस ठेव. पर बरी करून दे."

इनुसला हे लागलं. तरी त्यानं नेहमीसारखी गाडी भिंतीला लावली आणि कार्बोरेटर खोलला. दीड तासानं किक मारली. गाडी गप्प. दहा किका मारल्या, वीस मारल्या. पायाची पोटरी भरून आली, पण गाडीनं साधा ठसकासुद्धा दिला नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. बाहेर पावसाची झिमझिम थांबत नव्हती, आणि गाड्या येत होत्या. बँकेतल्या शिपायाची आली, कांद्याच्या आडत्याची आली, एका मास्तरांची आली. सगळ्या ओळीनं भिंतीला लागल्या आणि एकही सुरू होईना. मास्तर तीन तास स्टुलावर बसले आणि जाताना म्हणाले, "वय झालं की हातगुण जातो म्हणतात." इनुस तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो डोकं धरून बसला असताना बेगम दोरीवरचं धुणं चाचपत होती. ती स्वतःशीच पुटपुटली, "तीन दिवस झालं, एक कपडा वाळंना. अलीमभाईची भट्टी कवा नीट व्हायची कुणास ठाऊक."

"का? काय झालं भट्टीला?"

"वरची कमान ढासळली न्हाई का सोमवारी! गवंडी नगरहून यायचाय. तुमचं ध्यान कुठं असतंय?"

इनुस उठला. गाड्यांच्या फटीतून आत शिरला आणि भिंतीवर पालथा हात ठेवला. भिंत गार होती. थोडी ओलसरच. गेल्या पंधरा वर्षांत ती भिंत गार लागल्याचं त्याला आठवेना. खरं तर त्या भिंतीला आपण कधी हात लावल्याचंही त्याला आठवेना. हात लावले होते ते गाड्यांना.

त्याच्या डोळ्यांपुढून पंधरा पावसाळ्यांच्या गाड्या जायला लागल्या. एसटी डेपोच्या साहेबांची, भर लग्नातून ढकलत आणलेली नवरदेवाची, आपल्या हातगुणावर विश्वास ठेवून थेट चाकणहून आलेल्या माणसाची. सगळ्यांना त्यानं पोटतिडकीनं कार्बोरेटर समजावून सांगितला होता. आणि त्या सगळ्या गाड्या लेंग्यांसारख्या नुसत्या वाळल्या होत्या.

"बेगम," तो हळूच म्हणाला, "गाड्या या भट्टीच्या उबेनं चालू होत हुत्या."

"मग?" ती म्हणाली.

"तुला म्हाईत हुतं?"

"मला वाटलं तुम्हाला म्हाईत असंल. त्याबिगर का रोज भिंतीलाच लावत हुता?"

रात्री तो जेवला नाही. पण सकाळी गॅरेजचं शटर उघडताना त्याच्या मनात एक वेगळीच गोष्ट आली. आजवर त्याच्याकडं आलेली एकही गाडी दीड तासापेक्षा जास्त आजारी राहिली नव्हती. दुखणं अंगात असताना गाडी कशी दिसते हे त्यानं कधी धड पाहिलंच नव्हतं. आता भट्टी बंद, हवा ओली, आणि आनंदरावांची गाडी दुखण्यासकट पुढं उभी.

त्यानं कार्बोरेटरला हातच लावला नाही. पेट्रोल येतंय का पाहिलं, येत होतं. प्लग काढला, तो पेट्रोलनं भिजलेला. म्हणजे पेट्रोल पोचतं, पण पेटवायला ठिणगी नाही. मग कोरडं फडकं घेऊन त्यानं एकेक वस्तू पुसायला घेतली. पॉइंट पुसले, किक मारली, काही नाही. ठिणगी तयार करणारी कॉइल पुसली, काही नाही. प्लगची टोपी पुसली, काही नाही. कॉइलपासून प्लगपर्यंत जाणारी जाड वायर टाकीखालून ओढून काढली आणि पुसली, तर तिसऱ्या किकेला गाडी भडभडून सुरू झाली. इनुस दचकून मागं सरकला.

शेजारच्या सलूनमधून त्यानं केसांवर पाणी मारायची बाटली मागून आणली, शटर खाली ओढून अंधार केला आणि चालू इंजिनच्या त्या वायरवर फुस्स करून पाणी मारलं. टाकीखाली, जिथं वायर चेसीच्या लोखंडी सांगाड्याला घासत होती, तिथं निळी ठिणगी तडतडली. वायरचं रबर घासून केसासारखी चीर पडली होती. कोरड्या हवेत ठिणगी प्लगपर्यंत जायची, ओल आली की वाटेतच चेसीत उतरायची. गाडी ठसकली आणि बंद पडली. इनुस अंधारात एकटाच हसला.

नवी वायर टाकली. खात्री म्हणून बाटलीवर न थांबता त्यानं गाडी बोळात काढली आणि चालू इंजिनवर तांब्यानं पाणी ओतायला सुरुवात केली. नेमके तेव्हाच आनंदराव बोळात शिरले.

"आरं ए! बरी कर म्हणलं तर आंघोळ काय घालतुयास!"

"ऐका, आबा. आवाज ऐका."

आनंदरावांनी ऐकलं. गाडीवरून पाणी निथळत होतं आणि ती संथ चालली होती. इनुसनं जुनी वायर दाखवली, चीर दाखवली.

"येवढीच वायर?" आनंदराव म्हणाले. "मग तीनदा कार्बोरेटर कशापायी खोलला?"

इनुसला खोटं बोलता आलं असतं. पण चार दिवसांत एवढं काही कळलं होतं, की ते पोटात राहीना.

"आबा, आजवर तुमची गाडी म्या न्हाई, अलीमच्या भट्टीनं बरी केली. म्या नुसता मधी उभा हुतो."

आनंदराव गाडी घेऊन गेले. मग त्यांनी ही गोष्ट दूध सोसायटीत सांगितली, पाबळच्या बाजारात सांगितली, भांडगावला व्याह्यांना सांगितली. सांगताना वायरीचा भाग ते गाळायचे, कारण त्यात गंमत नव्हती.

पंधरा दिवसांनी अलीमची भट्टी पेटली, पुन्हा पाऊस लागला, आणि भिजलेल्या गाड्या बोळात यायला लागल्या. त्या इनुसच्या शटरपुढून सरळ पुढं जायच्या. लोक बेकरीच्या पलीकडच्या भिंतीला गाडी लावायचे, चहा-खारी खायचे, तासाभरानं किक मारून जायचे. अलीमनं दोन बाकडी टाकली. तो ओशाळून म्हणाला, "भाई, म्या कुणाला बोलवलं न्हाई." ते खरं होतं. परतीच्या वाटेवर त्यातल्या निम्म्या गाड्या पुन्हा बंद पडायच्या, पण त्याचा दोष लोक पावसाला द्यायचे.

इनुस रिकाम्या गॅरेजात बसून राही. आनंदरावांची गाडी पुन्हा कधी आली नाही, म्हणजे काम चोख झालं होतं. पण चोख झालेलं काम कुणी बोळात सांगायला येत नाही.

सप्टेंबरात एका सकाळी मालनबाई आली. ही सरकारी दवाखान्याची नर्स, वाड्या-वस्त्यांवर लस द्यायला मोपेडवर फिरायची. मोपेड ढकलून तिला धाप लागली होती.

"बेकरी पुढं हाय, बाई," इनुस म्हणाला.

"तिथं दोनदा लावली. न्हावऱ्याच्या पुढं गेलं की बंद. लशीचा डबा हातात, आन् पोरं घेऊन बाया झाडाखाली वाट बघत्यात. मला वाळवून नको, दुरुस्त करून द्या."

इनुस उठला. मोपेड त्यानं भिंतीपासून लांब, पत्र्याच्या टोकाला ओल्या हवेत उभी केली. खाली बसून वायर कुठून कुठं जाते ते बोटानं बघत गेला. मोपेड त्याला नवीन होती.

"किती वेळ लागंल?" मालनबाईनं विचारलं.

"आज होईल का सांगता येत न्हाई."

पंधरा वर्षांत हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. मालनबाईनं मान डोलावली, लशीचा डबा खांद्याला अडकवला आणि एसटी धरायला निघाली. तोवर इनुसनं मोपेडचा प्लग काढून हातात घेतलाही होता.