कोळंबीची बादली

रविवारी सकाळी फवारणीवाला दात घासत पुढच्या खोलीत आला, तेव्हा त्याची बायको काचेच्या टाकीसमोर फरशीवर बसली होती. सातवा महिना चालू होता, खाली बसायचं नाही असं तिला बजावलेलं होतं. तो रागे भरणार होता, पण तिचा उतरलेला चेहरा पाहून थांबला.

"एकही धड दिसत नाही हो," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी आराम सांगितल्यापासून तिचं शिलाई मशीन बंद होतं आणि दिवस खायला उठला होता, म्हणून तिच्या बहिणीने ही टाकी आणून दिली होती. नखाएवढ्या लाल कोळंब्या, वीसेक. शेजारीण येता-जाता विचारायची, तळायच्या कधी? बायकोने मात्र त्यांना जीव लावला. नळाचं पाणी त्यांना मानवत नाही, म्हणून फिल्टरचं पाणी बादलीत घ्यायचं, त्यात क्षारांची पूड मोजून घालायची, क्षार मोजायच्या मीटरवर आकडा दोनशेच्या आसपास आला की बारीक नळीने थेंबथेंब टाकीत सोडायचं. हे तिने इतकं काटेकोर केलं की तीन माद्यांच्या पोटाखाली अंडी दिसू लागली. मग दोन दिवस ज्याला त्याला सांगताना तिचा फोन खाली नव्हता.

काल संध्याकाळी तिने पाणी बदललं होतं. आज पहाटेपासून सगळं तीन-तीनदा तपासून झालं होतं. आम्लता बरोबर, अमोनिया शून्य, पाणी कोमट नाही की गार नाही. कुठेच चूक सापडत नव्हती.

तो वाकला. कोळंब्या उताण्या पडल्या होत्या, पाय थरथरत होते. मधेच एखादी गिरकी घेऊन काचेवर आपटायची आणि पुन्हा उलटी व्हायची. ही धडपड त्याच्या ओळखीची होती. अकरा वर्षं लोकांच्या ओट्यांखाली त्याने हीच पाहिली होती. त्याच्या फवाऱ्याने झुरळं अशीच मरतात.

पाणी कोणत्या बादलीत बनवलं, असं त्याने विचारलं.

नेहमीच्याच निळ्या, ती म्हणाली. मग आठवून सांगितलं की मोरीतली बादली परवा तडकली, म्हणून त्याचे कामाचे कपडे एकदा त्या निळ्या बादलीत भिजवले होते. पण नंतर ती चांगली तीन पाण्यांनी धुतली होती.

गुरुवारी पंपाची नळी निसटून त्याची अख्खी बाही औषधाने भिजली होती. त्यात सांगण्यासारखं काय, म्हणून तो घरी बोलला नव्हता. आता तो बायकोच्या हातांकडे बघत राहिला. ते पोटावर ठेवलेले होते. याच हातांनी ती त्याच्या कॉलर, बाह्या साबण लावून चोळायची. लग्न झाल्यापासून. गेले सात महिनेसुद्धा.

"हलतात त्या तरी काढा," ती म्हणाली. त्याने काचेच्या बरणीत फिल्टरचं ताजं पाणी घेऊन पूड घातली आणि जाळीने पाच कोळंब्या उचलल्या. बोटं पाण्याला लागू नयेत म्हणून त्याने जाळी दांड्याच्या टोकाशी धरली होती.

मग तो म्हणाला, "चल, दवाखान्यात जाऊ."

"कोळंब्यांसाठी?"

"तुझ्यासाठी. माझ्या कपड्यांत विष असतं गं."

गिऱ्हाइकांना सांगायचा तेच त्याने तिलाही सांगितलं होतं, औषध सौम्य आहे, माणसाला काही होत नाही. ती भिंतीला धरून उठली, मोरीत गेली आणि कोपरापर्यंत हात धुऊ लागली. साबण धुतला, पुन्हा लावला. तो दाराशी उभा होता. तिने मागे वळून पाहिलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पोटावर यंत्र फिरवायला घेतलं. आधी नुसती खरखर ऐकू आली. त्यांनी जागा बदलली, पुन्हा खरखर. फवारणीवाल्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली. मग ठोके आले, भराभर, पळत असल्यासारखे. बायकोने डोळे मिटले.

ठोके उत्तम आहेत, बाई म्हणाल्या. इतक्याशाने बाळाला काही होईलसं वाटत नाही, पण शपथेवर सांगता यायचं नाही. त्या कपड्यांना पुन्हा हात लावायचा नाही.

परतताना बायको अख्खा रस्ता दुसरीकडे बघत होती. घराच्या पायऱ्या चढताना तिने त्याचा दंड धरला, तेवढंच. बरणीतल्या पाचांपैकी चार जिवंत होत्या. अंडीवाली त्यांत एकही नव्हती.

सोमवारी काम सुटल्यावर तो ऑफिसमागच्या नळाशी बनियनवर बसून रबरी हातमोज्यांनी गणवेश धुऊ लागला. बायकोने हाकललं वाटतं, असं म्हणत बाकीचे हसले. त्याने मान वर न करता कोळंब्यांचं सांगितलं, बादलीचं सांगितलं, ठोके सापडत नव्हते तेही सांगितलं. हसणं थांबलं.

त्यांच्यातला सगळ्यात जुना फवारणीवाला, ज्याच्या घरी महिन्याभराचं नातवंड होतं, शर्टाची बटणं काढू लागला. मग नळाशी येऊन उकिडवा बसला.

"साबण सरकव इकडे," तो म्हणाला.