माझे झाकण कोणी काढले

मी एक जुनी कटर मशीन आहे. मित्रांनो, तुम्ही माझी कीव करावी म्हणून मी बोलत नाही. कीव करणारी माणसे मला आवडत नाहीत. खरे सांगायचे तर माणसेच मला फारशी आवडली नाहीत, आणि त्यांनाही मी आवडले नाही. ज्या घरात मी राहिले, तिथे भावाभावांत वैर आले आणि एका बाईवर खोटा आळ आला. तो खोटा आहे हे मला तेव्हाच ठाऊक होते. पण मशीनची साक्ष कोण काढतो? म्हणून आता सांगते.

भिवंडीजवळ शेलार गावात केसरीनाथ नावाचे सुतार राहत. घराची पडवी हाच त्यांचा कारखाना. करवत, रंधा, पटाश्या एवढ्या हत्यारांवर ते दारा-खिडक्यांच्या चौकटी करत. त्यांचा धाकटा भाऊ दामू एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यात मशीन दुरुस्तीला होता. १९८७ साली तिथले काही जुने लूम मोडीत निघाले, तेव्हा त्यांतली एक मोटर दामू घरी घेऊन आला. लोखंडी अँगल जोडून त्याने टेबल केले. वर जाड पत्रा ठोकला, पत्र्याला चीर पाडली आणि त्या चिरेतून गोल करवतीचे पाते वर काढले. अशी मी जन्मले. शेवटी दामूने पात्यावर एक झाकण बसवून बोल्टाने आवळले. त्याखालून फळी जाईल, पण बोट जाणार नाही, अशी त्याची बेताची फट होती.

केसरीनाथांनी मला पाहिले आणि त्यांचे तोंड कडू झाले.

"ही काय पीडा आणलीस घरात?"

"दादा, करवत ओढून ओढून तुझं खांदं गेलं," दामू म्हणाला. "हिच्यावर बघ, फळी कशी सरसर फाटते."

"माझ्या बापानं करवत ओढली, मी पण वढतो. तुला लाज वाटत असंल तर लूमवर ड्युटी कर. लाकडाला हात लावू नको."

एवढे बोलून ते माझ्या पत्र्यावर पान खाऊन थुंकले. माझा पहिला सत्कार तो असा. पुढच्या आठवड्यात त्यांनी पडवीच्या मधोमध फळ्यांचा आडोसा ठोकला. अलीकडे त्यांचे रंधे, पलीकडे मी.

दामूची शिफ्ट दिवसाची असे. त्यामुळे मला चालवायला शिकली ती त्याची बायको कौसल्या. लूमवर आडवे सूत नेणारा धोटा फेकणारी एक लाकडी दांडी असते. ती मार खाऊन खाऊन सारखी मोडते. कौसल्या तसल्या दांड्या कापू लागली. पदर खोचून, केस घट्ट बांधून ती माझ्यासमोर उभी राही. लाकडाचे शेवटचे टोक ती कधी हाताने पुढे सारत नसे, दुसऱ्या काठीने ढकले. तिने माझे लाड केले नाहीत, मलाही तिचा लळा लागला नाही. पण काम संपले की ती भुसा झाडी, पट्टा तपासी, झाकणाचा बोल्ट आवळलेला आहे ना ते बघे. कारखानदार म्हणत, "दांडी हवी तर शेलारच्या बाईकडची." ती स्तुती माझीही होती, पण माझे नाव कोणी घेतले नाही.

आडोशापलीकडून केसरीनाथ ऐकवत, "बाईमाणूस मशीनवर उभं! सगळा गाव हसतोय."

कौसल्या काम न थांबवता म्हणे, "हसू द्या, दादा. दांडी मोडली का गाव इथंच येतो."

मग काल्हेरला नव्या इमारती उभ्या राहू लागल्या. एका कंत्राटदाराने केसरीनाथांना चौकटींचे मोठे काम दिले. हातकरवतीने ते वेळेत होईना. कंत्राटदार येऊन चारचौघांत बोलून गेला. त्या दिवशी दामू ड्युटीवर होता आणि कौसल्या एसटीने गणेशपुरीला आपल्या आईकडे गेली होती. दुपारी केसरीनाथ आडोसा ओलांडून माझ्यापाशी आले. सागाचा एक जाड तुकडा त्यांनी माझ्यावर ठेवला. तो झाकणाखालून जाईना. त्यांनी पाना आणला आणि बोल्ट सोडायला सुरुवात केली.

त्यांची बायको गोदूबाई दारात बसून तांदूळ पाखडत होती. ती म्हणाली, "अवो, ते कशाला काढता? कवसल्या कदी काढत न्हाय."

"तू गप बस!"

ती गप्प बसली. त्यांनी झाकण काढून भिंतीशी ठेवले आणि मला सुरू केले. अर्धे लाकूड नीट फाटले. मग गाठ लागली, तुकडा उसळला आणि त्यांचा डावा हात माझ्यावर आला. मित्रांनो, मी हात आणि लाकूड ओळखत नाही. मला थांबवायचे बटण पार भिंतीवर होते. त्यांची दोन बोटे गेली.

संध्याकाळी कौसल्या परतली तेव्हा अंगणात माणसे जमली होती. हाताला पट्टी बांधून केसरीनाथ खाटेवर बसले होते. तिला पाहताच ते ओरडले, "हीच ती! झाकण काढून ठेवलं आन् निघून गेली. मना काय ठाऊक?"

"खोटं बोलू नका, दादा," कौसल्या म्हणाली. "सकाळी मी दांड्या कापल्या त्या झाकण लावून. तसंच ठेवून गेले."

कोणीतरी कुजबुजले, बाईच्या हाती मशीन दिली की हेच व्हायचे. कौसल्या गोदूबाईकडे वळली. "जाऊबाई, तुम्ही दारातच बसता. सांगा, झाकण कोणी काढलं?"

सगळे गोदूबाईकडे पाहू लागले. तिने एकदा नवऱ्याच्या पट्टीकडे बघितले आणि मान खाली घातली.

"मी आत व्हते. मी काय न्हाय बगितलं."

मला त्या क्षणी तिचा जितका राग आला, तितका थुंकणाऱ्या केसरीनाथांचाही आला नव्हता.

माणसे पांगल्यावर दामू बायकोला म्हणाला, "दादाची माफी माग. विषय मिटवून टाक."

"कशाची माफी?" तिने विचारले. "झाकण तुम्ही बसवलंत. पाना लावल्याबिगर ते निघत न्हाय, हे तुम्हाला ठाऊक हाय. तरी मीच माफी मागू?"

त्या महिन्यात कौसल्याने घर सोडायचे ठरवले आणि दामू मुकाट्याने तिच्यामागे गेला. काल्हेरला त्यांनी एक गाळा भाड्याने घेतला. काही वर्षांनी तिथे तिने नवी मशीन आणली. तिचे टेबल बिडाचे, बटण हाताशी आणि झाकण लाकूड पुढे सरकेल तसे आपोआप वर-खाली होणारे, असे लोक पडवीत येऊन सांगत. ते ऐकून मी जळले. मला तसे कोणी केले नव्हते.

मी शेलारला तरटाखाली गंजत राहिले. केसरीनाथ येता-जाता मला लाथ मारत. पाहुणे आले की तरट वर करून दाखवत, "हीच ती, बोटं खाल्लेली." झाकण कोणी काढले, ते मात्र त्यांनी कधीच सांगितले नाही.

१९९६च्या उन्हाळ्यात त्यांनी मला भंगारवाल्याला द्यायचे ठरवले. ते कानावर जाताच कौसल्या रिक्षाने आली. ती पडवीत शिरली नाही. अंगणात उभी राहून तिने भंगारवाल्याला विचारले, "हिचं काय करणार?"

"चालू मोटर है, बाई. खाडीपार में एक आदमी घर में पेट्या बनाता है, उसको देगा."

"घरात? पोरंबाळं असतील तिथं. न्हाय. पातं तोडायचं आणि मगच न्यायचं."

आतून केसरीनाथ गरजले, "माझ्या दारात उभी राहून मना शिकवतेस?"

"मशीन आम्ही केली, दादा. तोडायचा हक्क बी आमचाच. तुमची दोन गेली, ती पुरे झाली."

भंगारवाला कंटाळून म्हणाला, "तोडूँ किससे? मेरे पास बडा हातोडा नहीं."

तेव्हा गोदूबाई उठली. घरातला जड घण तिने दोन्ही हातांनी उचलून आणला आणि कौसल्याच्या पायाशी ठेवला. नवरा आतून शिव्या देत होता. "मी बगितलं व्हतं, कवसल्ये," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"ठाऊक हाय मला," कौसल्या म्हणाली. तिने गोदूबाईकडे पाहिले नाही. तिने घण उचलला आणि माझे पाते पार मोडून टाकले.

मित्रांनो, मला राग आला. पण माझ्याशी नीट वागलेली तीच एक बाई होती, आणि मला मोडणे हेही तिचेच काम होते. आता मी भंगाराच्या ढिगात आहे. तुम्ही मशीनला जपा, कारण ती तुम्हाला जपत नाही. तिचे झाकण काढू नका. आणि कोणी काढताना दिसला, त्याने गप बस म्हटले, तरी गप्प बसू नका. तेव्हाच बोला आणि चारचौघांतही बोला. इतक्या वर्षांनी आणलेला घण फक्त मशीन मोडायच्या कामाचा असतो.