भुवनाच्या आवाजाची कॅसेट

मी एक कॅसेट बोलतेय. आम्हा कॅसेटींना बोलण्यापलीकडे येतं तरी काय?

तंजावरच्या दुकानातून मी कोरी निघाले ती थेट शेषगिरीच्या लग्नात गेले. माझ्यात सनईसारखं वाजणारं नादस्वर भरलं आणि कुणी पुसू नये म्हणून माझ्या कडेचा प्लॅस्टिकचा तुकडा मोडून टाकला. मग कित्येक वर्षं मी कपाटात. माणसं आठवणी जपून ठेवतात खऱ्या, पण ऐकत कुणी नाही.

शेषगिरीची धाकटी बहीण भुवना एका सहकारी संस्थेच्या कचेरीत टाइपिस्ट होती. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. साहेब पत्र सांगत आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत तिच्या बोटांखालून ते कागदावर उतरलेलं असे.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. एका संध्याकाळी भुवना कचेरीतून घरी आली. साहेब प्रतापसिंह तिला म्हणाले होते, "भुवनाम्मा, टाइपरायटर जाणार. पोंगलनंतर सगळी पत्रं कंप्युटरवर. जमलं तर खुर्ची तुमचीच. नाही तर पाकिटं चिकटवायला बसावं लागेल."

साहेब वाईट नव्हते. पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम त्यांनी चेन्नईच्या एका संस्थेकडून मागवला होता. रविवारी कचेरी उघडून द्यायलाही ते तयार होते. प्रोग्रामबरोबर एक जाडजूड पुस्तक आलं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठीचा प्रोग्राम, आणि त्याचं पुस्तक बारीक इंग्रजी अक्षरांत, पानोपानी चित्रं!

"मी भरून देतो कॅसेटवर," शेषगिरी म्हणाला. तो बँकेत कारकून, कंप्युटर येतो म्हणून जरा ऐटीत असे. घरात कोरी कॅसेट नव्हती. त्याच्या बायकोनं, कमलाक्षीनं, मला पुढे केलं.

"ही घ्या. त्यात नादस्वर कमी, तुमच्या मामांचा खोकलाच जास्त."

पुन्हा भरता यावं म्हणून माझ्या मोडक्या कडेवर चिकटपट्टी लागली आणि शेषगिरी पुस्तकातलं घरच्या मराठीत, तंजावरात पिढ्यानपिढ्या जपलेल्या, सांगू लागला. दुसऱ्या दिवशी भुवना ऐकायला बसली.

"चित्र सात पाहा," मी त्याच्या आवाजात म्हणाले. "वर उजवीकडे दाखवलेल्या खुणेवर माउस न्या."

भुवना हसली. "पाहिलं हं अण्णा चित्र सात. फार सुंदर आहे."

"अय्यो, पुस्तकात आहे तेच सांगितलं गे मी!"

"तेच तर. त्या पुस्तकाला मी ठाऊकच नाही."

रविवारी दोघं मला आणि टेपरेकॉर्डरला घेऊन कचेरीत गेली. भुवनानं चाचपून पडद्याचं बटण शोधलं आणि पडदा बंद केला.

"आता कर बघू."

शेषगिरीनं माउस इकडे नेला, तिकडे नेला. यंत्र भलभलतं बोलत सुटलं. "कुठे आलोय मी?" तो वैतागून म्हणाला.

"हे रोज मी विचारायचं असतं."

मग खरं काम सुरू झालं. भुवना एकेक कळ दाबून ऐकायची. अडलं तर शेषगिरी पुस्तकात शोधायचा. जमलं की ती स्वतःच मला सांगायची, "आल्ट दाब. 'फाइल' ऐकू येईल. मग खालचा बाण. 'सेव्ह' ऐकू आलं की एंटर. दुसरंच काही ऐकू आलं तर एस्केप दाब. घाबरू नको, काही मोडत नाही." कुठे बघायचं ते तिनं कधीच सांगितलं नाही. काय ऐकू येईल ते सांगितलं, आणि चुकलं तर परत कसं फिरायचं तेही. शेषगिरीचा आवाज पुसला गेला, उरलंसुरलं नादस्वरही गेलं. मला वाईट वाटलं नाही.

पोंगलनंतरच्या पहिल्या दिवशी मी तिच्या पिशवीत होते. साहेबांनी पत्र सांगितलं. बोटं भराभर चालली. मग 'प्रिंट' ऐकू यायच्या जागी यंत्र म्हणालं, 'क्लोज'. भुवनाचा हात थांबला. क्षणभरानं एस्केपची कळ वाजली. ती पुन्हा पहिल्यापासून गेली, आणि प्रिंटर कुरकुरू लागला.

प्रतापसिंहांनी कागद वाचला, सही केली. "हं, पुढचं पत्र घ्या," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी कमलाक्षीनं खीर, आमचं पायसम, केलं.

ही बातमी जवळच्या पापनाशम गावातल्या चिदंबरपर्यंत पोचली. त्यालाही दिसत नाही आणि तोही टायपिंग शिकलेला. बसनं आला, मला ऐकू लागला आणि कपाळावर हात मारून घेतला. "अक्का, ही तुमची मराठी मला कशी कळायची?" म्हणून भुवनानं माझ्या दुसऱ्या बाजूवर सगळं तमिळमध्ये सांगितलं. कमलाक्षीनं दुसऱ्या कॅसेटींवर माझ्या नकला उतरवल्या. एक ओरत्तनाडू गावालाही गेली. मी स्वतः आता चिदंबरकडे असते. माझी फीत झिजलीय, मध्येच भुवनाचा आवाज जाड होतो.

पुस्तकं लिहिणाऱ्यांनो, चित्रं जरूर काढा. पण चित्रात काय आहे आणि कोणत्या कळा दाबायच्या, तेही शब्दांत लिहा. आणि छापण्याआधी भुवनासारख्या कुणाला तरी वापरून बघायला द्या.

गेल्या आठवड्यात माझ्या तमिळ बाजूच्या शेवटी एक नवा आवाज आला. चिदंबर घसा खाकरून म्हणाला, "भुवनाअक्कांनी सांगितली नाही अशी कमी कळांची एक जवळची वाट मला सापडलीय."

त्यापुढे अजून थोडी फीत कोरी आहे. तुम्हाला काही सापडलं, तर येऊन सांगा.