ताईची मोटर, दाजींची लाइन

दाजींची नोकरी आता एका निळ्या वायरवर लोंबकळत होती. माळ्यावरच्या खोलीत बसून ते कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायचे, आणि ऐन बोलण्यात नेट जायचं. साहेबांनी शांतपणे बजावलं होतं, "सोमवारी माझ्याशी बोलताना लाइन तुटली, तर परत जोडायची तसदी घेऊ नका."

वायर टाकली होती मेव्हण्याने. त्याचा धंदाच तो. पण तो आला की नेट शहाण्या बाळासारखं चालायचं. त्याने दोन्ही टोकं कापून नवी बसवली, टेस्टर लावला. सगळे दिवे हिरवे.

"वायर ठणठणीत आहे."

"मग दुखणं मलाच असेल," दाजी म्हणाले. "मेव्हणे, तुम्ही इथेच राहायला या. तुम्हाला बघून ते घाबरतं."

सोमवारी तो सकाळीच आला. एरवी भाऊ दारात दिसला की ताई शिलाई मशीन बंद करून उठायची. आज कोटांची ऑर्डर गळ्याशी आली होती.

"आलास? पाणी तुझं तूच घे." तिने पायाने मशीनच्या मोटरचं पेडल दाबलं.

वरून दाजी ओरडले, "गेलं!"

तिने दोरा तोडायला पाय उचलला.

"आलं!"

पाय टेकला.

"गेलं!"

मेव्हण्याच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. तो मशीनच्या टेबलाखाली शिरला. जुनी मोटर आतून ठिणग्या टाकत होती. आणि तिच्या वायरीला खेटून, वीतवीत अंतरावर तिलाच चिमट्यांनी जोडून, नेटची वायर भिंतभर गेली होती. नव्या रंगाला भोक पाडायचं नाही, हे ताईचं फर्मान. काम मात्र बघत राहावं इतकं सुबक होतं.

"चूक कोणाची?" ताईने विचारलं.

"माझी."

"ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. नेटचं बोल."

"मोटर चालली की शेजारच्या वायरीत खरखर शिरते. नेटची वायर पलीकडच्या भिंतीने न्यावी लागेल. भोक पाडून."

ताईने रंगाकडे पाहिलं, मग जिन्याकडे.

"लहान पाड."

साहेबांचा फोन आला तेव्हा नवी वायर लागली होती. ताई पाय आवरून बसलेली. "चालव," मेव्हणा म्हणाला. तिने पेडल दाबलं. वरून कोणी ओरडलं नाही. एक बाही झाली, दुसरी झाली.

दाजी खाली उतरले.

"काय म्हणाले?" ताईने पाय उचलला.

"आवाज अगदी स्वच्छ येतो म्हणाले. इतका, की मागे शिलाई मशीन चालतंय हेही कळलं."

"आणि नोकरी?"

"आहे. दार लावून बसायला सांगितलंय."

ताईने मान डोलावली, भोकाच्या जरा वर एक खिळा ठोकला आणि त्यावर कात्री अशी टांगली की भोक दिसेना.