ओरिजिनल कागद

"ओरिजिनल नाही देता येणार, कनकाताई. सही तुमचीच आहे ना?"

यामिनीने फॉर्म उलटा करून काउंटरवर सरकवला. मागे औषधाच्या बाटलीवर असतात तसली बारीक इंग्रजी अक्षरं. कोर्स मध्येच सोडल्यास पूर्ण फी भरावी लागेल, वर कॅन्सलेशनचे तीन हजार. तोवर मूळ प्रमाणपत्रं संस्थेच्या ताब्यात. खाली कनकाची सही. वळणदार, ठसठशीत, मूर्खासारखी.

"म्हणजे किती?"

"नऊ भरलेत. राहिलेले एकोणीस आणि हे तीन. बावीस हजार."

"येवढा पैका कुठून आणूं, बाई? मला काम मिळालंय म्हणून तर सोडतें. रायपेट्ट्याच्या शाळेंत, ऑफिसांत. शुक्रवारीं चारच्या आंत ओरिजिनल दाखवा म्हणालेत. नाहीं तर दुसरीला देतील."

"झेरॉक्स चालत नाही का?"

"चालली असती तर तुमच्यापुढे उभी राहिलें असतें काय?"

मागच्या खुर्चीत फी भरायला आलेला एक बाप मोबाइल चाळत बसला होता. तो तमिळ, त्याला मराठी कळत नव्हतं. अड्यारच्या त्या संस्थेत, दुसऱ्या मजल्यावर, ते कळणाऱ्या दोघीच होत्या, आणि घोळ तिथेच झाला होता.

कनकाने वीस वर्षं तिरुवल्लिकेणीत टायपिंग शिकवलं. स्वल्पविराम चुकला की पोरींच्या बोटांवर पट्टी मारली. मग कॉम्प्युटर आले, मालकाने एकोणीस मशीनं भंगारवाल्याला किलोवर घातली आणि कनकाला एक पाकीट दिलं. पुढे पेपरात जाहिरात आली: अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं ऐका, टाइप करा, महिना आठ हजार मिळवा. ती नुसती चौकशीला आली होती. काउंटरवरून भावाला मराठीत फोन केला, आणि काउंटरमागची मुलगी, यामिनी, म्हणाली, "अय्या, तुम्ही मराठी?"

बस. तेवढ्यावर.

कनकाचं घराणं तंजावरचं. रस्त्यावर तमिळ, मराठी फक्त उंबऱ्याच्या आत. आई गेल्यावर उंबऱ्याच्या आतही कोणी उरलं नव्हतं. भाऊ फोनवर दोन वाक्यं बोले, त्याची मुलं तमिळमध्ये उत्तर देत. आणि इथे एसीमध्ये बसलेली पुण्याची मुलगी तिला ताई म्हणत होती. "तुमचं मराठी किती गोड आहे हो, बखरीतल्यासारखं." कनका लाजली. एसएसएलसीचं, म्हणजे शालान्त परीक्षेच्या गुणांचं, पुस्तक आणि इंग्रजी-तमिळ टायपिंगची दोन्ही हायर सर्टिफिकेटं तिने दोन्ही हातांनी पुढे केली, प्रसाद दिल्यासारखी. फॉर्म वाचला नाही. आपल्या माणसापुढे कागद काय वाचायचा?

महिन्याभरात कळलं की शिकवणाऱ्यालाच टेपमधलं निम्मं समजत नाही. आधीच्या बॅचमधल्या एकालाही बाहेर काम लागलं नव्हतं. त्यातल्या दोघींना तिथेच शिकवायला ठेवलं होतं, आणि त्याची पाटी लावली होती: शंभर टक्के नोकरी.

"बरं, एक करा," कनका म्हणाली. "कागद नका देऊं. कागद आमच्याकडे आहेत, अशी एक ओळ लिहून द्या. शाळेंत दाखवतें."

यामिनीने मान खाली घातली. "लेखी काही द्यायचं नाही म्हणून सरांनी सांगितलंय. आणि एक जण सोडून गेला की माझ्या पगारातून कापतात हो. माझं पेरुंगुडीचं भाडं..." ती थांबली. "तुम्ही समजून घ्या ना. आपल्यातल्या आहात."

आपल्यातल्या. कनकाने फॉर्म उलटा करून तिच्याकडे परत सरकवला.

"दाखवा तरी मला. शाबूत आहेत की नाहींत, बघूं दे."

यामिनीने इकडेतिकडे बघून कपाटातून फाइल काढली. एसएसएलसीच्या पुस्तकाचा कोपरा दुमडला होता आणि वर कुणाच्या तरी चहाच्या ग्लासाचं गोल उमटलं होतं. कनकाने कोपरा अंगठ्याने दाबून सरळ केला. पदराने तो डाग पुसून पाहिला. डाग गेला नाही. पुस्तक हातात होतं, जिना दहा पावलांवर, आणि जिन्याच्या तोंडाशी वॉचमन. यामिनीचा हात काउंटरवर तळवा वर करून थांबलेला.

कनकाने पुस्तक त्या तळव्यावर ठेवलं. या वेळी एका हाताने.

शुक्रवारी चार वाजता ती वर्गात होती. भरलेले नऊ हजार तरी वसूल करायचे, की शिक्षा भोगायची, तिचं तिला सांगता आलं नसतं. कानांवर हेडफोन, त्यात कुणी अमेरिकन डॉक्टर नाकातून बोलत होता. शब्द कळत नव्हते, तरी बोटं चुकत नव्हती. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली. शाळेतल्या खुर्चीवर आता दुसरी कुणी बसणार होती.

यामिनी बाकाशी आली, वाकली. "जेवलात का, कनकाताई?"

कनकाने एक हेडफोन बाजूला केला.

"साप्पिटाच्चु, मॅडम."

यामिनीला तमिळ अजून नीट येत नव्हतं, पण 'जेवले' एवढं कळत होतं. ती गेली.

कनकाने हेडफोन पुन्हा कानावर ओढला. पायाशी पिशवीत दहीभाताचा डबा सकाळी भरला तसाच होता, झाकणावर रबर लावलेला.